मगदूमदादांचं पाणी बघणं

कुठलंही पाणी दिसलं की आमचे मगदूमदादा त्याच्या काठावर काडी रोवतात. नदी असो, तळं असो, समुद्र असो. माझ्या लेकीच्या, ईराच्या वाढदिवसाला आम्ही मागच्या अंगणात फुगवायचा स्विमिंग पूल मांडला होता, जेमतेम गुडघाभर पाण्याचा. दादा आले ते केककडे न बघता थेट पुलाकडे गेले. खिशातून आइस्क्रीमची काडी काढली. तिच्यावर लाल नेलपॉलिशच्या बारीक रेघा होत्या. ती पुलाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावली आणि म्हणाले, "पाणी बघून घेतो जरा." मग निवांत बसून केकचे दोन तुकडे खाल्ले.

हे वाक्य रोटोटुना या आमच्या परदेशातल्या उपनगरातल्या सगळ्या मराठी घरांना पाठ आहे. दादा म्हणजे सुधाकर मगदूम, आमच्या समोरच्या घरात राहतात. मूळचे सांगलीकडचे, कृष्णाकाठचे. वीस-बावीस वर्षांपूर्वी इकडे आले आणि दूध पावडरच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. आता साठीला टेकलेत. भाषा मात्र अजून तिथलीच आहे, आणि इंग्रजीसुद्धा त्याच चालीवर बोलतात.

त्यांच्या काड्यांचा इतिहास जुना आहे. शैलावहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगतात, "लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो होतो. सगळी जोडपी वेण्णा लेकवर बोटीत बसली. आमचे हे काठावर काटक्या शोधत फिरत होते. मी आईला पत्र लिहिलं, माणूस बरा आहे, पण काटक्या गोळा करतो."

गाडी ते नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावतात. त्यांच्याकडे जेवायला गेलं की निघताना सगळ्यांच्या जॅन्डल्स, म्हणजे इकडच्या चपला, दाराबाहेर तोंड करून ओळीत लावलेल्या सापडतात, शाळा सुटायची वाट बघत उभ्या असलेल्या पोरांसारख्या. "घाईच्या वेळेला चप्पल उलटी असली तर माणूस अडखळतंय," ते समजावतात. आमच्या रस्त्यावर घाईची वेळ म्हणजे कचऱ्याची गाडी यायची सकाळ. पण हे त्यांना कोण सांगणार? मी पडले पुण्याची. नळाला किती वाजता येतं, याच्यापलीकडे पाण्याबद्दल मला काही माहिती नव्हती.

गेल्या जानेवारीत, इकडच्या भर उन्हाळ्यात, आमची दोन कुटुंबं कॅम्पिंगला गेली. मला आणि माझ्या नवऱ्याला, निखिलला, एखादा शांत समुद्रकिनारा हवा होता. दादांनी शोधलं ते हायवेला चिकटलेलं नदीकाठचं कॅम्पग्राउंड. वर भराव घालून केलेला हायवे, खाली गवताचं सपाट मैदान, पुढे नदी. ओंडक्यांचे ट्रक असे धडधडत जायचे की कपातल्या चहावर वलयं उठायची.

"दादा, एवढ्या देशात हीच जागा सापडली?" निखिल कुरकुरला.

"रस्ता जवळ पाहिजे. आणि उंच पाहिजे," दादा म्हणाले. "बाकीचं निसर्गसौंदर्य फोटोत बघायचं."

तंबू ठोकायच्या आधी ते नदीवर गेले आणि काठाला तीन काड्या रोवून आले.

जागा मात्र सुंदर होती, हे कबूल करायला पाहिजे. हिरवं, तळातला गोटा न् गोटा दिसेल असं पाणी. आजूबाजूला सात-आठ तंबू आणि कडेला एक जुना कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर. त्यात केन नावाचे ऐंशीच्या पुढचे गृहस्थ एकटेच राहत होते. बायको होती तेव्हा दोघं दर उन्हाळ्यात यायचे, आता हे एकटेच येतात, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला ईरा आणि शेजारच्या तंबूंतली पोरं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात होती. आभाळ स्वच्छ निळं. मी भात टाकला होता, निखिल सॉसेज परतत होता. दादा काड्या बघून परत आले. आल्यावर बसले नाहीत, वरच्या डोंगरांकडे बघत उभे राहिले. डोंगरांवर काळं दाटलं होतं, पण ते फार लांब होतं.

"चला, आवरा," ते म्हणाले.

"का? काय झालं?"

"चार बोटं वाढलंय. आवाज बदललाय. वरनं पानं वाहून यायलीत."

मी नदीकडे बघितलं. मला ती सकाळसारखीच दिसली. जरा चहाच्या रंगाची, इतकंच. "दादा, भात तरी होऊ दे," मी हसून म्हटलं.

दादा हसले नाहीत. त्यांनी स्वतः जाऊन ईराला आणि बाकीच्या पोरांना बाहेर काढलं. "बट इट्स सो सनी!" ईरा ओरडली. त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि ते शेजारच्या तंबूकडे चालू लागले.

"किआ ओरा," त्यांनी इकडच्या पद्धतीचा नमस्कार केला. "रिव्हर इज कमिंग."

तिथल्या तरुणाने निळ्या आभाळाकडे बोट दाखवलं. "शी विल बी राइट, मेट." म्हणजे काही होत नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हे दर तंबूपुढे असं सांगत फिरणार आणि लोक आपल्याकडे बघत बसणार. पण दादा त्या तरुणाशी वाद घालत बसले नाहीत. म्हणाले, "ओके. फाइव्ह मिनिट्स. स्टँड विथ मी."

तो गमतीने गेला. त्याच्यामागे त्याची मैत्रीण, मग पोरांचे आईबाप, मग आम्ही. दहा-पंधरा माणसं एका आइस्क्रीमच्या काडीभोवती उभी राहिली. दादांनी खाली बसून एका लाल रेघेवर बोट ठेवलं. पाणी रेघेच्या खाली होतं.

हायवेवरून एक ट्रक गेला. पाणी रेघेला लागलं. आम्ही बघत असतानाच, न थांबता, न खळखळता, ते रेघेवर चढलं. मग पुढच्या रेघेकडे निघालं. एवढी मोठी नदी उठून उभी राहत होती, आणि ते दाखवायला एक काडी पुरली होती.

"जीझस," तो तरुण म्हणाला आणि धावत सुटला.

पुढच्या वीस मिनिटांत मैदान रिकामं झालं. तंबू खुंट्यांसकट उपटले गेले, गाड्या भरावावर हायवेच्या रुंद कडेला चढल्या. आमची गाडी दादांनी तोंड बाहेर करूनच लावलेली होती, ती सगळ्यात आधी निघाली. भात मी पातेल्यासकट मांडीवर घेतला होता.

हलले नाहीत फक्त केन. कॅराव्हॅनच्या दारात हाताची घडी घालून उभे. दोघा-तिघांनी समजावलं, एकाने दंड धरला तो त्यांनी झटकला. मी खाली गेले तेव्हा पाणी गवतात शिरलं होतं. मीसुद्धा ओरडले. "काही झालं तर जबाबदार कोण?" असलं काहीतरी इंग्रजीत बोलले. केननी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दादांनी मला हाताने थांबवलं. पाण्याकडे एक नजर टाकली. "अर्धा तास हाय अजून," मला म्हणाले, आणि पायरी चढून आत जाऊन बसले. मी मागोमाग.

"नाइस प्लेस," दादा म्हणाले.

केन आत येऊन समोर बसले.

"केन, व्हॉट टू टेक फर्स्ट?"

म्हातारा गोंधळला. ते किती आडमुठे आहेत हे सगळ्यांनी सांगून झालं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी आत सभोवार नजर फिरवली. मग हळूच खिडक्यांकडे हात केला. पिवळ्या फुलांचे विटलेले पडदे होते. बायकोने शिवलेले, म्हणाले.

दादा उठले. एकेक आकडा सोडवून त्यांनी पडदा उतरवला, झटकला, घडी घातली. मग दुसरा. एकूण सहा पडदे. पाणी पहिल्या पायरीवर आलं होतं, आणि हा माणूस घरी धुणं आवरतोय तशा घड्या घालत होता. सहावी घडी झाली तसे केन आपणहून उठले आणि त्यांनी टोपी घातली. घोटाभर पाण्यातून आम्ही त्यांना मध्ये घेऊन भरावावर आणलं.

नंतर जे पाहिलं ते मी विसरणार नाही. हिरवी नदी तपकिरी होऊन मैदानभर पसरली. आमच्या तंबूच्या जागेवरून अख्खं झाड मुळांसकट वाहत गेलं. कॅराव्हॅन आधी हलला, मग बोटीसारखा वळला आणि निघाला. हायवेवरचे ट्रक थांबले. ड्रायव्हर उतरून आमच्या रांगेत उभे राहिले. वर ऊन होतं तसंच होतं.

मी दादांजवळ गेले. "दादा, मी नुसती किंचाळत होते. तुम्ही एकदाही आवाज चढवला नाही."

ते नदीकडे बघत राहिले. "आबांवर चढवला होता."

आबा म्हणजे त्यांचे वडील.

"गावात पाणी शिरलं तवा आबा माडीवर बसून राहिले. बोट आली, उतरेनात. मी इकडनं फोन केला. समजावलं, मग शिव्या दिल्या. शेवटी म्हटलं, मरा तिथंच. तेवढ्यात फोन बंद पडला. दुसऱ्या दिवशी पुतण्यानं उचलून आणलं. जगले की, वर्षभर जगले. पण फोनवर माझ्याशी पावसापाण्याशिवाय बोलले न्हाईत. काय घ्यायचं राहिलंय, हे त्यांना कुणी विचारलंच न्हाई. मी पण न्हाई."

"काय होतं?"

"आता कसं कळणार?"

पलीकडे केन आमच्या गाडीत पडद्यांची घडी मांडीवर घेऊन बसले होते. मुलीला फोन करायचा होता, पण पडद्यांवरचा हात निघत नव्हता. दादांनी नंबर विचारून लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. ती घाबरून इतक्या जोरात रागवत होती की मला बाहेर ऐकू आलं. किती वेळा सांगितलं, एकटं जाऊ नका म्हणून! केन मान खाली घालून "येस, लव्ह. येस, लव्ह," म्हणत राहिले.

दादांनी फोन आपल्या कानाला लावला.

"हॅलो. युअर डॅड इज ओके. व्हेरी गुड मॅन," ते म्हणाले. मग आवाज अगदी खाली आला. "प्लीज, टुडे डोन्ट बी अँग्री. टुमॉरो ऑल्सो डोन्ट बी."

पलीकडचा आवाज थांबला. दादांनी फोन पुन्हा केनच्या कानाशी धरला, आणि बोलणं संपेपर्यंत तसाच धरून, गाडीच्या दारात वाकून उभे राहिले.