भास्करकाकांचा उजवा अंगठा

भास्करकाका जमिनीची ओल पायाच्या अंगठ्याने मोजतात. चप्पल काढायची, उजवा अंगठा सुपारीच्या आळ्यात रुतवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. निकाल तीनच: रवा, लाडू किंवा शिरा. रवा म्हणजे कोरडी, शिरा म्हणजे पाणी जास्त झालं, आणि लाडू म्हणजे काका बरोबर आहेत. डाव्या अंगठ्याला ते विचारत नाहीत. "त्याला अक्कल नाय," असं त्यांनी मला शांतपणे सांगितलं.

काका माझ्या बाबांचे लांबचे चुलतभाऊ. केळव्याला त्यांची सुपारीची वाडी आहे. मी बोईसरला एका छोट्या कंपनीत जमिनीतली ओल मोजणारे सेन्सर जोडते. चाचणीसाठी एक वाडी हवी होती. अनोळखी माणसाला विचारण्यापेक्षा काका बरे, असं मला वाटलं.

"तुजं यंत्र काय सांगणार?"

"किती टक्के ओल आहे ते."

"आणि माजा अंगठा काय म्हणतो ते यंत्राला कोण सांगणार?"

हा प्रश्न मी साहेबांपर्यंत नेला नाही.

सेन्सर आळ्यात बसला. काका रोज सकाळी त्याच्यासमोर उकिडवे बसत, अंगठा लावत, मग आकडा बघत. "मी म्हणतो लाडू, हा म्हणतो कोरडी. हट्टी हाय." ऊन लागू नये म्हणून त्यांनी त्याच्यावर झावळ्यांचं छोटं छप्परही केलं. आलेल्या-गेलेल्याला ते त्याची ओळख करून देत.

आकडा पंधराच्या खाली आला की कंपनीतून शेतकऱ्याला फोन जातो. तो फोन करायचं काम माझ्याकडे होतं. तिसऱ्या आठवड्यापासून काकांचा आकडा रोज चारच्या ठोक्याला शून्यावर यायला लागला.

"काका, जमीन कोरडी दाखवतेय."

"कोण म्हणतो? लाडू हाय."

"सेन्सर शून्य म्हणतोय."

"त्याचं सोड. तू काय म्हणते?"

"मीही कोरडीच म्हणेन."

"नाय म्हंजे नाय." मग दहा मिनिटं ते मला माती शिकवत. फोन ठेवला की आकडा पुन्हा बावीसवर.

साहेब म्हणाले, "हा तूच जोडला होतास ना? शुक्रवारी अहवाल दे." माझी नोकरी अजून कच्ची होती. समुद्राकाठच्या खाऱ्या पाण्यावर दोष ढकलावा, तर खारेपणाने आकडा चढतो, उतरत नाही. गुरुवारी मी न कळवता केळव्याला गेले.

काका आळ्यापाशी घड्याळ बघत बसले होते. चार वाजले. त्यांनी सेन्सर उपटला, पंच्याने नीट पुसला, मांडीवर ठेवला आणि फोन हातात घेऊन वाट बघू लागले. मी सुपारीच्या आडून फोन लावला.

"काका, कोरडी दाखवतेय."

"नाय. लाडू हाय," मांडीवरच्या सेन्सरकडे बघत काका म्हणाले.

मी पुढे आले. काका जराही गडबडले नाहीत. "बसून बसून दमतो तो," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले. थोड्या वेळाने त्यांनी सेन्सर परत मातीत खोचला.

"तुजी काकी माज्या परतेक लाडवाला रवा म्हणायची. चाळीस वर्सं. आता गावात कोणाला पण विचार, म्हणतात, काका, तुमी सांगाल तसं." त्यांनी अंगठ्यावरची माती झटकली. "मग हा चुकला का बरोबर, कसं कळणार?"

अहवालात मी खरं तेच लिहिलं. सेन्सर ठीक, जोडणी ठीक, शेतकरी चार वाजता तो बाहेर काढतात. कारणाच्या रकान्यात लिहिलं: दुसरं मत हवं होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि सेन्सर मुरबे गावातल्या एका बागेत हलवला.

सोमवारी चार वाजता कुठलाच इशारा आला नाही. पाच मिनिटं थांबून मी फोन लावला.

"काका, आज रवा आहे."

"यंत्र तर नेलं तुमी. कोण सांगतो?"

"मी सांगते."

पलीकडून चपला काढल्याचा आवाज आला. एक, आणि मग दुसरी.

"थांब बाय," काका म्हणाले. "आज डाव्याला पण विचारतो."