'टी'ला बंधन नको!

प्रोग्रॅममधल्या पंधरा मेथडचं, म्हणजे कोडच्या तुकड्यांचं, काम मी एका मेथडमध्ये करून दाखवणार होतो! आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. गिऱ्हाइकांना तपासणीची तारीख कळवायला एक मेथड, दुरुस्तीची कळवायला दुसरी, लिफ्ट बंद राहणार असेल तर तिसरी. सगळ्या जुळ्या बहिणींसारख्या! मी त्या मोडीत काढल्या आणि एकच जेनेरिक, म्हणजे कुठल्याही प्रकाराला चालणारी, मेथड लिहिली. मजकुराचा प्रकार लिहायचा तिथे नुसता 'टी'. वापरताना जो प्रकार द्याल, तो टी!

"टीवर बंधन घाल," शेजारच्या टेस्टरबाई म्हणाल्या. "फक्त सूचनाच चालतील असं लिही. भलतंच काही दिलंस तर कोड तपासणारा कंपायलर तिथल्या तिथे अडवेल."

"बंधनं कशाला, बाई? राहू दे की टीला मोकळं!"

चाचणीसाठी मी 'पत्र' नावाचा नवा प्रकार केला. मजकूर हवा होता. बायको सहा महिने धरणाच्या कामावर, दूर. तिला लिहिलेलं, पण पाठवायचा धीर न झालेलं पत्र माझ्याकडे होतं. तेच चिकटवलं. कंपायलरने चकार शब्द काढला नाही. मी बटण दाबलं.

पत्र ज्यांना गेलं, ती यादी चाचणीची नव्हती. खरी होती!

दोनशे चाळीस इमारतींच्या व्यवस्थापकांना एका झटक्यात कळलं: 'तू नाहीस तर घर उगाच मोठं वाटतं. तुझ्या बाजूचा दिवा मी रोज लावतो. कधी येतेस?'

उत्तरं धडाधड आली. "उद्या तीननंतर येईन. आधी तुमचा माणूस पाठवा, लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलीय!" एका बाईंनी विचारलं, "आपण कोण? आमचे हे विचारतायत!"

साहेब तरातरा आले. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावर आणखी एक उत्तर उमटलं. "आमची लिफ्ट ठीक आहे. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. पत्र दोनदा वाचलं. दिवा लावत जा."

साहेब ते वाचत उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, "यांना सोडून बाकी सगळ्यांची माफी माग."

दुपारी मी बायकोला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. ती हसून हसून दमली. मग म्हणाली,

"दोनशे चाळीस जणांना कळलं. मलाच नाही?"

"फोनवर जमत नाही गं मला."

"आज जमव. ऐकतेय मी."

मी खुर्ची भिंतीकडे वळवली. घसा खाकरला. सहा महिन्यांचं सगळं अगदी ओठांवर आलं होतं, खरंच सांगतो! आणि तोंडातून बाहेर काय पडलं?

"जेवलीस का?"