निळ्या खिडकीचा आरोपी

शिरूर-दौंड पट्ट्यात गुप्तहेर म्हटलं की शंकररावांचं नाव घेतलं जातं. बहुतेक वेळा मीच घेतो. ऑफिस घोडनदीत, म्हणजे शिरूर गावातच, एसटी स्टँडसमोर, सायकल दुकानाच्या माडीवर. हयात तिकीट तपासण्यात गेली. विनातिकीट माणूस मी पाठमोरा, नुसत्या कानांवरून ओळखतो.

तळेगाव ढमढेऱ्याच्या तानुबाईंनी बोलावलं, तेव्हा घरातलं भांडण टोकाला गेलं होतं. त्यांचा मुलगा सम्राट काच कारखान्यात. त्यानं खोलीच्या खिडकीला कंपनीतली नव्या जातीची काच बसवली, "जपा, भारी हाय," एवढंच बोलला आणि ट्रेनिंगला पुण्याला गेला. तेव्हापासून खिडकी रोज दुपारी निळीकाळी पडे आणि दिवेलागणीला पुन्हा स्वच्छ.

"हीच करती," तानुबाईंनी सुनेकडं बोट केलं. "दुपारचा अंधार करून झोपाय पायजे हिला. तुम्ही शाबीत करा, उद्याच खुटबावला माहेरी धाडते."

करुणानं, म्हणजे सुनेनं, पदरानं नाक पुसलं. तिचे डोळे लाल होते. मी मनात नोंद केली : झोप अपुरी. हेतू सापडला.

"घरात नीळ कुठं ठेवता?"

"संपलीय, मामा."

"संपवली," मी दुरुस्ती केली.

काचेवरून बोट फिरवलं. रंग लागला नाही. म्हणजे रंग लावून तो वाळेपर्यंत थांबणारा, सवडीचा माणूस. शेजारचे म्हस्कूआप्पा रिकामेच असतात. पण ते पाय मोडून आठवडाभर दवाखान्यात असल्याचं कळलं. निर्दोष असण्याचा इतका भक्कम पुरावा साध्या माणसाकडे नसतो. माझा संशय बळावला.

शेवटी मी भर उन्हात खिडकीसमोर खुर्ची टाकून बसलो. सासू-सून माझ्या शेजारी. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही, आणि खिडकी माझ्या डोळ्यांदेखत काळी पडली. गुन्हेगार डोळ्याला दिसत नाही, एवढं निश्चित झालं. तपास पुढे सरकला होता.

घाम पुसत मी खोलीत शिरलो आणि उंबऱ्याला अडखळलो.

"लाईट गेली वाटतं?"

"लाईट हाय की, मामा," करुणा म्हणाली. "तुमचा चष्माच काळा झालाय."

"तो उन्हात होतो. महागाचा आहे."

करुणा चष्म्याकडे बघत राहिली. मग खिडकीकडे. मग गोधडी उचलून बाहेर गेली आणि अर्ध्या काचेवर धरून उभी राहिली. हात भरून आले तरी हलली नाही. गोधडी काढली, तेव्हा अर्धी काच निळी होती आणि अर्धी पाण्यासारखी.

"ऊनच करतंय, आत्या," ती म्हणाली.

करुणाला घेऊन तानुबाई खोलीत आल्या. मग खिडकीखाली जमिनीवर हात ठेवून बघितला.

"गार हाय गं हितं. पंखा बी नको." त्या आडव्या झाल्या. थोडं सरकून जागा केली. "ये. पाठ टेक जरा. उगंच बोलले मी तुला."

करुणा टेकली. दोघींना लगेच झोप लागली.

प्रकरण निकाली निघालं. चहाचं विचारायला कुणी जागं नव्हतं. मी दार हलकेच ओढून घेतलं आणि उन्हात पुन्हा काळ्या पडलेल्या चष्म्यातून चाचपडत शिरूरची जीप शोधू लागलो.