गायकवाडकाकांची पिकअप

गायकवाडकाका आले, चपला काढल्या आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरून फ्रीज मोजायला लागले. हातात सुतळी. फ्रीजच्या उंचीवर गाठ मारली आणि म्हणाले, "बसतोय. विषय संपला!"

"अहो काका, कशात बसतोय?"

"पिकअपमध्ये. घेतोय मी. रोजच्या वापराला."

आता हा माणूस कोपरला आमच्या वरच्या मजल्यावर एकटा राहतो. बँकेतून रिटायर झालेला. रोजचा वापर म्हणजे काय, तर कोथिंबिरीची जुडी आणि अर्धा लिटर दूध! पुण्याहून लेक फोनवर ओरडून थकला, "बाबा, छोटी कार घ्या, एसीवाली." पण काका ऐकतील तर शपथ. अख्ख्या सोसायटीत फिरून त्यांनी गाठी मारल्या. पाटीलबाईंचा दिवाण, मोरेंचं लोखंडी कपाट. कुणालाही काहीही हलवायचं नव्हतं हो!

कल्याणच्या शोरूमला मला घेऊन गेले, कारण म्हणे, "तू भांडतेस चांगली." सेल्समन बिचारा मायलेज सांगतोय, पॉवर स्टिअरिंग सांगतोय आणि काका हौद्यात चढून सुतळी ताणतायत. पहिल्या गाडीत मोरेंचं कपाट मावेना. "बाद!" दुसरीचा हौदा उंच. "पाटीलबाईंना सामानाबरोबर बसायचं झालं तर चढतील का त्या? बाद!"

"अहो, त्या पुढे बसतील ना!" मी म्हटलं. पण ऐकतंय कोण. तिसऱ्या गाडीत एकदाचं सगळं मावलं.

"काका, धंदा कसला तुमचा?" सेल्समनने विचारलं.

"धंदा नाही. घरगुती."

तो हसला. "मग खरं सांगू? नका घेऊ. दारात पिकअप असली की अख्खी बिल्डिंग उठसूट बेल वाजवते. कुणाचा गणपती, कुणाचा सोफा. वैताग येईल."

काका सुतळी गुंडाळता गुंडाळता थांबले. "बेल वाजवतात?"

"मग! रविवारीसुद्धा सोडत नाहीत."

"नक्की ना?"

असं विचारलं त्यांनी की माझा जीव गलबलला. काकू गेल्यापासून त्या दाराशी कुरियरवाल्याशिवाय कोण जातं?

गाडी आली, पेढे वाटून झाले. रोज सकाळी काका ती धुऊन पुसून ठेवायचे आणि खिडकीत उभे राहायचे. लोक जाता-येता "मस्त आहे हं!" म्हणायचे आणि पुढे जायचे. काम सांगायला संकोच वाटत असेल म्हणा. पण मला बघवेना.

"आपला झोपाळा खडवलीला मामांकडे जाणार," मी नवऱ्याला सांगितलं.

"मामांना कशाला झोपाळा?"

"बसायला!"

वर जाऊन बेल वाजवली. दार लगेच उघडलं. काका इस्त्रीच्या शर्टात.

"काका, झोपाळा न्यायचाय. खडवलीला."

"खरंच न्यायचाय?"

एरवी एवढी तोंडाळ मी, पण त्यांची नजर चुकवून पायाने पायपुसणं सरळ करायला लागले.

"नसला तरी चालेल गं," काका म्हणाले. "आत तर ये."