कुंपणात दोन फळ्यांची जागा

"स्की कुठलीही आणा, बर्फ कसलाही असू दे, तीन उतरणींत मी तिची कुंडली मांडून दाखवीन!"

हे वाक्य मी ऑगस्टमधल्या, म्हणजे आमच्या या दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शनिवारी, स्की-क्लबाच्या लॉजमध्ये बटाटे सोलता सोलता, बारा माणसांसमोर उच्चारलं. सव्वीस हिवाळे या डोंगरावर घसरतोय मी! (त्यातले पहिले चार बसूनच.)

"मग मुकुंद, माझ्या बघतोस का?" नोरीनबाईंनी विचारलं.

इथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, पण शहात्तर वर्षांच्या बाईंना 'ए नोरीन' म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टर म्हणाले, बर्फावर खुशाल जा. मुलगी म्हणाली, अजिबात नाही. आणि बाईंनी गुपचूप नव्या स्की घेतल्या.

"सगळ्या तऱ्हेच्या बर्फात चालवून बघ आणि खरं काय ते सांग," त्या म्हणाल्या. "नको म्हणालास तर तशाच कुंपणाला ठोकते. मग मी, लोकर आणि सुया."

त्यांच्या घराचं कुंपणच जुन्या स्कींचं आहे. दिवंगत नवऱ्याच्या, ऑल्विनच्या, सात जोड्या, मग मुलांच्या, मग त्यांच्या स्वतःच्या. फाटकाजवळ फक्त दोन फळ्यांची जागा राहिलीय. ती रिकामी जागा माझ्या डोळ्यांसमोर आली आणि हातातला बटाटा मी सालीसकट पातेल्यात टाकला.

"निश्चिंत राहा," मी म्हणालो.

"कुणाच्या भरवशावर?" हे क्लाइव्ह. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरलेला माणूस, बोलणंही कात्रीचंच. त्यानेही त्याच दुकानातून तीच स्की घेतली होती. रंग तोच, चित्र तेच, फक्त अर्धी वीत लांब. म्हणून मी नोरीनबाईंच्या जोडीच्या टोकांना पिवळी चिकटपट्टी लावली. व्यवस्थितपणा म्हणजे व्यवस्थितपणा!

वारा पडेपर्यंत चहा घ्यावा म्हणून जोडी लॉजबाहेरच्या लाकडी घोडीवर ठेवली. एक फळी या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मोठ्या रिसॉर्टमध्ये चोर टाळायला हीच युक्ती करतात. एकटी स्की कोण नेणार? आमच्या क्लबात आजवर फक्त आल्याची बिस्किटं चोरीला गेलीत, पण सवय! क्लाइव्हलाही तीच सवय. त्याचीही एक इकडे, एक तिकडे.

आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात किआ आले. किआ म्हणजे आमच्या डोंगरावरचे हिरवे पोपट. जे सोलता येईल ते सोलतात. परवा त्यांनी एका गाडीचे वायपर सोलले, आज माझी पिवळी चिकटपट्टी.

बाहेर आलो तर धुकं! इकडची एक उचलली, तिकडची एक उचलली. उजव्या स्कीत बूट बसला. डाव्या स्कीची पकड बरीच पुढे सरकवावी लागली, तेव्हा बसला. शहाण्या माणसाला इथे शंका आली असती.

वर जायला आमच्याकडे खुर्च्या नाहीत, सुसाट पळणारा दोर आहे. त्याला हाताने धरायचं आणि कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या लोखंडी अडकित्त्याने पकडायचं. पोहोचलो. विठ्ठलाचं नाव घेतलं आणि निघालो.

पहिला उतार वाऱ्याने घट्ट केलेला. वर पापड, खाली रवा. उजवी स्की शहाण्या मुलीसारखी वळली. डावी सरळच निघाली! मध्ये मी, पाटावर फाकवलेल्या करंजीसारखा! दुसऱ्या उताराला नुसती काच. तिथे माझ्या स्वतःभोवती दोन प्रदक्षिणा झाल्या. तिसऱ्याला कालच्या उन्हाने बर्फाची खिचडी झालेली, तीत मी नाकाने शिरलो. गॉगल, टोपी आणि सव्वीस वर्षांचा अनुभव तीन वेगवेगळ्या ठिकाणी सापडला.

खिडकीत थर्मास घेऊन नोरीनबाई बसल्या होत्या. मधेमधे धुकं विरळ झालं तेव्हा त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"काय म्हणतात माझ्या स्की?"

खोटं सांगवेना. "बाई, माफ करा. या स्की चांगल्या नाहीत. तुमच्या नव्या सांध्यासाठी तर... नकोच."

त्या बाहेर आल्या, बाहीने एका स्कीवरचा बर्फ पुसला, मग दुसरीवरचा. रडल्या असत्या तर परवडलं असतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "सोमवारी हातोडा काढते." मग खाली वाकल्या. "पण ठोकायच्या आधी एकदा ओळख तरी करून घेते."

"नोरीनबाई, थांबा! त्या डाव्या स्कीत भूत आहे!"

"या वयात मला भुतांची भीती नाही रे. निम्मी ओळखीचीच निघतात."

एकेक पकड आपल्या बुटाला लावून त्यांनी दोर धरला, अडकित्ता टाकला आणि धुक्यात दिसेनाशा झाल्या. मी नुसत्या बुटांवर उतार चढू लागलो. पांडुरंगा, माझी फजिती कर, हवी तितकी कर, पण ही बाई धड खाली आण!

आधी आवाज आला. त्या चर्चमधलं कसलंसं भजन गुणगुणत होत्या. मग धुक्यातून त्यांची लाल टोपी आली. पापडावर हळू, काचेवर अलगद, खिचडीत तर रंगात आलेल्या कीर्तनकारासारख्या, डावं पाऊल, उजवं पाऊल, झोल नाही, घाई नाही! माझे हात आपोआप टाळीचा ठेका धरायला लागले. डोळेही ओले झाले. (वारा फार होता.)

त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या. गाल टोपीइतकेच लाल.

"छान आहेत की! डावी जरा लांब आहे, एवढंच."

तेवढ्यात मागून आरडाओरडा करत क्लाइव्ह आला, दाढीभर बर्फ. "मुकुंद! या जोडीतली उजवी स्की माझ्या जिवावर उठलीय! तुझ्याकडे कुठली आहे बघ!"

चार फळ्या बर्फात ओळीने उभ्या केल्या. दोन उंच, दोन बुटक्या. आणि शेजारी आम्ही दोघे, दोघेही बुटके.

"बाई, तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"पायात घातल्या तेव्हाच."

"आणि तशाच वर गेलात?"

"मी शिकले तेव्हा एक स्की भावाची होती आणि एक पाद्रीबाबांची. सारख्या लांबीच्या मला लग्नात मिळाल्या, ऑल्विनने दिल्या." त्यांनी क्षणभर धुक्याकडे पाहिलं. "मला वाटलं, पुन्हा तशी पद्धत आली असेल."

मग त्यांनी माझ्या खांद्यावरचा बर्फ झटकला, आई झटकते तसा.

"मुकुंद, सोमवारी चहाला ये."

"येतो की!"

"येताना तुझ्या स्की आण. मी हातोडा काढून ठेवते."