डावा डोळा मालक

भिंगरीनं डाव्या हातानं चहा ओतला आणि तो कप सोडून थेट बाबांच्या ऑफिसच्या शर्टावर गेला.

"अगं, उजवा हात काय भाड्यानं दिलायस का?" आई ओरडली.

"सरांनीच सांगितलंय! माझा डावा डोळा मालक आहे. उजवा नुसता पाहुणा."

झालं होतं असं, की शाळेच्या तिरंदाजी संघात एकच जागा उरली होती आणि भिंगरीचे बाण काही केल्या लक्ष्याकडे फिरकत नव्हते. सरांनी तिला तळहातांची खिडकी करून लांबचं झाड बघायला लावलं, मग एकेक डोळा मिटायला. डावा मिटताच झाड गायब!

"नेम धरतो डावा डोळा, दोरी ओढतो उजवा हात. दोघांचं जमणार कसं? आजपासून दोरी डाव्यानं ओढायची."

डाव्या हाताला वळण लागावं म्हणून भिंगरीनं घरात सगळंच डाव्यानं आरंभलं. वेणी कानावर आली, किल्ली कुलपात अडकली, आणि ती भाजी चिरायला बसली तेव्हा मात्र आईनं सुरीच काढून घेतली.

निवडीच्या दिवशी ती रेषेवर उभी राहिली आणि घाबरून तिनं बाण दोनदा उलटा लावला. उजव्या हाताचे सगळे एकाच बाजूला तोंड करतात. डावखुरी उभी राहते उलटी. आजवर तिला शेजारणीची पाठच दिसायची. आज समोर साक्षात संघाची कप्तानताई, नाकासमोर नाक! कुणाच्या बापाला न भिणारी म्हणून शाळेत गाजलेली ताई घामाघूम झाली होती. डोळे गच्च मिटलेले, ओठ थरथरताहेत.

"ताई, तू घाबरलीयेस?" भिंगरीच्या तोंडून निसटलं.

"हळू बोल, बाई! रोजच घाबरते. पाठीवरून कुणाला कळत नाही, एवढंच."

भिंगरीला फिस्सकन हसू फुटलं. मग ताईलाही. शिट्टी वाजेपर्यंत भीती कुठल्या कुठे पळाली, आणि बाण सुटला तो मधल्या पिवळ्या वर्तुळात! पुढचेही तिथेच आसपास. उरलेली जागा भिंगरीची झाली.

"हिला रेषेच्या टोकाला ठेवू," सर म्हणाले. "समोरासमोर तोंडं आली की खिदळत बसाल."

"नको सर," ताई खास कप्तानाच्या आवाजात म्हणाली, "ही माझ्यासमोरच हवी. नवीन आहे, घाबरेल बिचारी."

आणि पाठीमागे तिनं भिंगरीचं बोट गच्च धरून ठेवलं होतं.