पाव्हण्याचं पाणी

गफूर पेंटरच्या प्रदर्शनात चपला घालून जाता येत नसे. यात तसं जगावेगळं काही नाही. पण ते प्रदर्शन भरलेलं असायचं इंटरनेटवर, आणि आम्ही ते पाहायचो मूल गावच्या बसस्टँडमागच्या दिलीपच्या सायबर कॅफेच्या दुकानात, एका जुन्या संगणकाच्या पडद्यावर. तिथंही उंबऱ्याशी चपला काढाव्या लागत. कुणी हसलं की गफूरभाई वर न पाहता म्हणत, "बजार करून राह्यले का तुमी? प्रदर्शन पाहून राह्यले. काढा."

दुसरी गोष्ट पाण्याची. दर रविवारी सकाळी ते स्टीलचा ग्लास माठातून भरून, वर झाकण ठेवून संगणकाशेजारी मांडत. प्रदर्शन पाहायला येणाऱ्यांसाठी.

"पण चाचा," दिलीप म्हणायचा, "पाहणारा तिकडं नागपूरले बसला असन, नाई तं अमेरिकेत. तो हे पाणी कसा पिईन?"

"तो पिईन का नाई, त्याचं तो पाहीन. आपण ठेवाचं. तुया घरी पाव्हणा आला तं तू आधी विचारते का, तहान लागली का म्हणून?"

"विचारतो तं."

"म्हणूनच तुया घरी कोणी येत नाई."

गफूरभाई उन्हाळ्यात गेले. मी त्यांचा नातेवाईक नव्हतो. शेजारच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. चित्रांखालची मराठी मी लिहून द्यायचो, इतकाच संबंध. तरी रविवार आला की काय करावं ते सुचत नाही. म्हणून हे सावकाश लिहितो आहे.

एके काळी मूलपासून चामोर्शीपर्यंतच्या रस्त्यावर वाचता येईल असं जे काही होतं, त्यातलं बरंचसं गफूरभाईंनी रंगवलेलं होतं. राईस मिलच्या पाट्या, दवाखाने, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, निवडणुकीतले हात हलवणारे उमेदवार. घरातल्या रंगाच्या खोलीत ते कुणाला चपलांनी येऊ देत नसत. ओल्या रंगावर धूळ बसते. बायको लवकर गेली. एकुलता आसिफ त्याच खोलीत, डब्यांमध्ये वाढला.

मग फ्लेक्स आलं. आसिफ चंद्रपूरला फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागला आणि एका ईदला बापासाठी भेट घेऊन आला: 'गफूर पेंटर' अशी छापलेली पाटी. पिवळी अक्षरं, लाल सावली, कोपऱ्यात बापाचा फोटो. गफूरभाईंनी ती पाहिली, घडी केली आणि शेळ्यांच्या छपरावर टाकली. म्हणाले, "भडक आहे. पावसात कामी येईन."

हे सगळ्या मोहल्ल्यानं पाहिलं. पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, लोडशेडिंगमध्ये पडदा काळा झाला होता तेव्हा. आसिफनं दुपारीच पिशवी भरली. "ऊन लई होतं, भाऊ. मीच पाणी भरून देल्लं दारात. त्यानं पाह्यलं. ग्लास तसाच राह्यला." मुलगा सिरोंच्यावरून नदीपार हैदराबादला गेला, कुठल्याशा संगणकाच्या कंपनीत लागला, एवढं लोकांकडून कळलं. पत्ता नाही, फोन नाही.

त्यानंतर काही दिवसांनी गफूरभाई पहिल्यांदा दिलीपच्या दुकानात शिरले. दिलीप म्हणाला, "चाचा, चुकले का?"

"नाई. पोरगा याच्यात गेला. पाहून राह्यलो, कुठवर गेला."

मग दिलीपकडूनच ते संगणकावर चित्रं काढायला शिकले. ते माऊस ब्रशासारखा तीन बोटांत धरत. एक रंग भरून झाला की हात मांडीवर घेऊन गप्प बसत. दिलीप थोडा वेळ वाट पाहून म्हणे, "चाचा, वाळला." मग पुढचा रंग.

चित्रं मात्र पाहण्यासारखी होती. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, कोटाची कथा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे: गोंडराजाच्या कुत्र्यामागे ससा लागला, आणि ससा जिथून धावला तिथून राजानं कोट बांधला. गफूरभाईंच्या चित्रात तो ससा लाल दिव्याच्या गाडीमागे लागलेला होता आणि गाडी पळत होती. कोटाच्या दरवाजावर, राजाच्या हत्तीला वाकून जावं लागेल इतक्या खाली, नेत्यांच्या चेहऱ्यांचा बॅनर लटकत होता. दुसऱ्या चित्रात वाघोबा तहसीलच्या रांगेत रहिवासी दाखल्यासाठी उभा होता आणि खिडकीतला बाबू त्याला दोन साक्षीदार मागत होता. वाघोबाच्या मागे माणसं अंतर न ठेवता उभी होती, रांगेतली जागा जाईल म्हणून.

मी विचारलं, "गफूरभाई, हे कागदावर का नाही काढत?"

"कागद मूलमधी राह्यते," ते म्हणाले. "हे कुठंबी दिसते. कोणाले पाहाचं असलं तं त्याले इथी याची लाज नाई वाटाची."

चित्रांच्या पानाखाली एक आकडा असे, किती जणांनी पाहिलं त्याचा. एका संगणकावरून कितीही वेळा उघडलं तरी दिवसातून एकदाच मोजलं जाई. रविवारी स्वतः उघडल्यावर आकडा एकानं वाढला की ते म्हणत, "हा मी. मालक पाव्हण्यात नाई." आणि खुर्ची ओढून बसत. प्रदर्शन उघडं ठेवून उठून जाणं त्यांना बरोबर वाटत नसे. आलेल्या माणसाला कुणीच दिसलं नाही तर तो आल्यापावली परत जाईल, असं त्यांचं म्हणणं. वीज गेली की बेचैन होत.

"चाचा, तुमची चित्रं बाहेरच्या मशीनवर आहेत. तिथी लाईट जात नाई."

"चित्रं असतीन तिथी. मी तं अंधारात बसलो ना."

आणि दर रविवारी, दुपार कलल्यावर, आकडा आणखी एकानं वाढे. गफूरभाई तो पाहत. "आला," म्हणत. मग झाकण काढून ग्लास उचलत आणि दिलीपच्या टेबलावर नेऊन ठेवत. "घे, पी." दिलीप गुमान पीत असे. पाणी वाया जाऊ नये म्हणून ते देतात, असं मी समजत होतो.

त्यांच्या मातीला सगळा बाजार आला होता. कब्रस्तानातून परतताना दिलीप माझ्या बाजूनं चालत होता.

"सर, तो दुपारचा आकडा मीच वाढवत होतो. माह्या मशीनवरून. कोणी येईपर्यंत चाचा उपाशी बसून राहे, पाहवत नव्हतं. त्यायले कळलं असतं तं मी तोंड दाखवलं नसतं."

"दिलीप," मी म्हणालो, "पाव्हण्याचं पाणी ते कुणाला देत होते?"

तो रस्त्यातच थांबला.

आसिफ दुसऱ्या दिवशी पोचला. मोहल्ल्यातल्या कुणीतरी हैदराबादेत त्याचा माग काढला होता. रविवारी तो वाचनालयात आला, दारातच उभा राहिला. "काका, अब्बा म्हणे कम्प्युटर शिकले होते?"

मी त्याला दिलीपकडे नेलं. आम्ही काही सांगण्याआधी तो उंबऱ्याशी वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. गफूरभाईंच्या खुर्चीवर बसताना त्यानं ती जराशी मागे सरकवली, आणि पान उघडलं.

ससा पाहून तो हसला. वाघोबा पाहून पुन्हा हसला. मग ससा परत काढला आणि तिथंच थांबला. कोटाच्या दरवाजावरचे नेते आता नव्हते. गफूरभाईंनी शेवटच्या आजारापूर्वी त्यांना पुसलं होतं, आणि तिथं, राजाच्या दरवाजावर, एक पाटी टांगली होती. पिवळी अक्षरं, लाल सावली, कोपऱ्यात फोटोसारखा एक चेहरा. माऊसनं काढल्यामुळं अक्षरं थोडी थरथरली होती.

आसिफनं हात मांडीवर घेतले आणि बसून राहिला, रंग वाळायची वाट पाहावी तसा.

मी पानाखाली पाहिलं. आकडा एकानं वाढला होता. दिलीप आपल्या मशीनपाशी नव्हता. तो माठाजवळ पाठमोरा उभा राहून ग्लास भरत होता.